मरीयेच्या भूमिकेसाठी नाकारलेली मुलगी : वर्ण, स्वप्रतिमा आणि आंतरिक सौंदर्याचा उपदेश यांविषयी एक प्रकरण अभ्यास

प्रस्तुत प्रकरण भांडुपमध्ये राहणाऱ्या एका मराठी ख्रिस्ती कुटुंबातील १५ वर्षांच्या मुलीचे आहे. मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, शब्बाथ शाळेत (रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात) शिकवत असताना आणि किशोरवयीन मुलींच्या समुपदेशनाचे काम करत असताना ते माझ्यापर्यंत आले. मुलीच्या आणि तिच्या आईवडिलांच्या संमतीने ते लिहीत आहे. नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटवू शकतील असे काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याचे कारण असे की, मुलींच्या न्यूनगंडावर उपाय म्हणून आपल्या मंडळ्यांमध्ये 'बाहेरचे रूप पाहू नकोस, अंतःकरणाचे सौंदर्य जप' असा उपदेश सर्रास केला जातो, आणि या प्रकरणात नेमक्या त्याच उपदेशाने मुलगी अधिक खचली. उपदेश खोटा नव्हता. तो ज्या वेळी आला, ज्यांच्याकडून आला आणि ज्या गोष्टी आधी बोलल्या जायला हव्या होत्या त्या न बोलता आला, त्यामुळे तिने त्याचा जो अर्थ घेतला तोच त्या परिस्थितीत रास्त होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

कुटुंब आणि घटनाक्रम

वडील एका खाजगी कंपनीत वाहनचालक आहेत. आई महापालिकेच्या रुग्णालयात परिचारिका असून तिला वरचेवर रात्रपाळी असते. आजी, म्हणजे वडिलांची आई, मूळची नगर जिल्ह्यातील, अमेरिकन मराठी मिशनच्या जुन्या मंडळीत वाढलेली. थोरली बहीण २४ वर्षांची, आईसारखी उजळ. ही मुलगी वडिलांसारखी सावळी. 'मोठी आईवर गेली, धाकटी बापावर' हे वाक्य घरात आणि नातलगांत इतक्या सहजपणे उच्चारले जाई की त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. आंघोळीच्या वेळी आजी धाकटीला साय, बेसन आणि हळद लावून घासत असे. त्यात माया होती, यात मला शंका नाही. परंतु मोठीला तसे घासले जात नव्हते, हे धाकटीने फार लहान वयात टिपले होते आणि ते तिने पुढे कितीतरी वर्षे कोणाजवळ बोलून दाखवले नव्हते.

मुलगी नववीत असताना मंडळीत नाताळच्या नाटिकेची तयारी सुरू झाली. लूककृत शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातील मरीयेचे, म्हणजे येशूच्या आईचे, स्तोत्र, ४६ ते ५५ ही वचने, तिचे तोंडपाठ होते आणि वाचनाच्या वेळी तिने ते इतके चांगले म्हटले की इतर मुलांनी टाळ्या वाजवल्या. मरीयेची भूमिका मात्र दुसऱ्या मुलीला मिळाली. तयारी पाहणाऱ्या बाईंनी सर्वांसमोर तिला सांगितले, "तू छान बोलतेस गं, पण मरीया कशी, गोरीपान हवी. तू मेंढपाळांत ये." दोन मुले हसली. त्या संध्याकाळी तरुण संघाच्या व्हॉट्सॲप गटावर तिच्यासाठी एक टोपणनाव आले, आणि ते टाकणाऱ्यांपैकी कोणालाही गटातील मोठ्यांनी हटकले नाही.

येथे एक गोष्ट नोंदवणे आवश्यक आहे. मरीया ही गालिलातील नासरेथ गावची यहूदी मुलगी होती आणि तिच्या वर्णाविषयी चारही शुभवर्तमानांत एक अक्षरही नाही. तिला गोरी, निळ्या डोळ्यांची करून आपल्या कॅलेंडरांवर आणि नाताळच्या शुभेच्छापत्रांवर आणले ते युरोपीय चित्रपरंपरेने. नाटिकेत जी 'खरी' मरीया शोधली जात होती ती पवित्र शास्त्रातली नव्हती, भिंतीवरच्या चित्रातली होती. आणि एका मुलीला उपासनेच्या जागेत, देवाच्या घरात, त्या चित्राच्या आधारे अपात्र ठरवले गेले. शाळेत किंवा लोकलच्या डब्यात कोणी तिला काळी म्हटले असते तर तो अपमान माणसांचा राहिला असता. येथे तो तिला देवाच्या बाजूने आलेला वाटला.

अभ्यासाचे कारण सांगून तिने तालमीला जाणे सोडले. जानेवारीत तिने क्रीम लावायला सुरुवात केली. तिच्या मावशीला गालांवरच्या वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञाने थोड्या आठवड्यांपुरती एक ट्यूब लिहून दिली होती. तिच्यातील उरलेली मुलीने आणली आणि ती संपल्यावर खाऊच्या पैशांतून दुकानातून दुसरी विकत घेतली. या प्रकारच्या मिश्रणात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड अशी तीन औषधे असतात. स्टिरॉइडमुळे त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, लाली व पुरळ दबतात, आणि पहिले काही आठवडे चेहरा नितळ व उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होत जाते, रक्तवाहिन्या वरून दिसू लागतात, मुरुमे आणि बारीक लव वाढते, ऊन सहन होत नाही. आणि क्रीम थांबवताच चेहरा लाल होऊन आग होते, म्हणून माणूस पुन्हा तेच क्रीम लावतो. हे अवलंबित्व व्यसनासारखेच असते. त्वचेवर लावायच्या अनेक स्टिरॉइडयुक्त औषधांचा समावेश केंद्र सरकारने २०१८ मध्ये औषध नियमावलीच्या अनुसूची 'एच'मध्ये केला, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. या मुलीला ती चिठ्ठीशिवाय मिळाली, एकदा नव्हे.

फेब्रुवारीत तिचा चेहरा उजळ दिसू लागला तेव्हा मंडळीत उपासनेनंतर किमान तीन-चार जणींनी तिला थांबवून "उजळलीस हं, काय लावतेस?" असे कौतुकाने विचारले. मुलगी मला म्हणाली, "ताई, मी दोन वर्षं गाण्याच्या पथकात होते. कोणी कधी थांबवून बोललं नव्हतं." हे वाक्य मी या प्रकरणाच्या टिपणात पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे. क्रीमची जाहिरात कंपन्या करतात हे खरे. परंतु तिची खात्री आपण, रविवारी, देवळाच्या पायरीवर पटवून देतो.

एप्रिलपर्यंत चेहऱ्याची अवस्था बिघडली. दुपारी स्टेशनवरून घरी चालत येताना गालांची आग होई. आईने, परिचारिका असल्याने, गालांवरच्या रक्तवाहिन्या पाहताच ओळखले आणि दप्तरातून ट्यूब निघाली. दुसऱ्याच दिवशी आई तिला त्वचारोग विभागात घेऊन गेली. तेथे सर्व क्रीम बंद करून साधे मॉइश्चरायझर, सनस्क्रीन आणि तपासणीच्या तारखा दिल्या गेल्या, आणि त्वचा पूर्ववत व्हायला महिने लागतील, मधल्या काळात चेहरा आधीपेक्षा वाईट दिसेल, हे डॉक्टरांनी मुलीला स्वतःला समजावून सांगितले. मुलीशी थेट बोलण्याची ही डॉक्टरांची पद्धत मला फार महत्त्वाची वाटते. त्या दिवसापर्यंत तिच्या चेहऱ्याविषयी सर्व जण एकमेकांशी बोलत होते, तिच्याशी कोणीच नाही.

पहिला उपदेश आणि त्याचा परिणाम

ही बातमी मंडळीत पोहोचली तेव्हा पाळकबाई आणि महिला मंडळाच्या दोन सभासद प्रार्थनेसाठी घरी आल्या. त्यांचा हेतू शुद्ध होता. त्यांनी पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय वाचला, ज्यात शोभा ही केसांचे गुंफणे, सोन्याचे दागिने आणि उंची वस्त्रे यांची नसावी, तर अंतःकरणातील सौम्य व शांत आत्म्याची, जी अविनाशी आहे, ती असावी असे म्हटले आहे. नंतर नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायातील, लावण्य व्यर्थ आहे हे वचन झाले. शेवटी प्रार्थनेत, देवाने या लेकरात आंतरिक सौंदर्य निर्माण करावे अशी विनंती झाली. मुलगी 'आमेन' म्हणाली नाही आणि आतल्या खोलीत निघून गेली. तिने दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीचे पूर्ण सभासदत्व घेण्याआधीच्या, वर्गाला येणार नाही असे जाहीर केले ते त्याच आठवड्यात. तेव्हा आईने मला बोलावले.

पहिल्या भेटीत ती फारसे बोलली नाही. नंतर कधीतरी, मी काही विचारले नसताना, तिने सांगितले, "त्यांनी मला काळी म्हटलं नाही, ताई. पण सगळ्यांनी ते धरूनच चाललं. आणि मग म्हणाल्या, आतून सुंदर हो."

या प्रकरणाचा गाभा मला या तीन वाक्यांत दिसतो. सावळा वर्ण म्हणजे कुरूपता, हे गृहीतक उपदेश करणाऱ्यांनी तपासले नाही, नाकारले नाही. ते जागच्या जागी ठेवून त्यांनी तिला दुसरे काहीतरी देऊ केले. ज्या मुलीला भूमिका मिळाली तिला कोणी आंतरिक सौंदर्य जपायला सांगायला गेले नव्हते. म्हणजे व्यवहारात आंतरिक सौंदर्य ही ज्यांच्याकडे बाहेरचे नाही असे आपण ठरवले आहे त्यांच्यासाठी राखून ठेवलेली शिकवण झाली. मुलीला हे शब्दांत मांडता आले नसेल, पण समजले होते. तिच्यात आंतरिक सौंदर्य निर्माण कर ही प्रार्थना तर तिला आणखी बोचली, कारण तिचा अर्थ तिच्या आतही काही नाही असाच होत होता.

समुपदेशनाच्या दृष्टीने मला आधी काही गोष्टी पाहणे भाग होते. तिची झोप, जेवण, अभ्यास, आरशासमोर जाणारा वेळ, फोटोंविषयीची भीती, यांची मी चौकशी केली. मरणाचे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येतात का, हेही स्पष्ट शब्दांत विचारले. असा प्रश्न विचारल्याने मुलांच्या मनात तो विचार घातला जातो ही भीती निराधार आहे. तिने नाही म्हटले. "सकाळी उठल्यावर मी दुसरी कोणीतरी असावं असं वाटतं" एवढे मात्र सांगितले. आईला मी केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिला. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असून तेथे मराठीतही बोलता येते, आणि रात्रपाळीत असताना आईला काळजी वाटली तर कोणाला विचारायचे, याची सोय असणे आवश्यक होते. तिची अवस्था विकाराच्या पातळीला गेली आहे असे मला वाटले नाही. एका जिवंत अपमानाला दिलेला तो समजण्यासारखा प्रतिसाद होता, आणि म्हणून केवळ मुलीवर काम करून भागणार नव्हते.

वचनांकडे पुन्हा

ती माझ्याकडे रविवारी दुपारी येत असे. सुरुवातीला आम्ही शास्त्र उघडलेच नाही, कारण त्या दिवसांत तिला शास्त्र म्हणजे तिच्याविरुद्ध वाचला जाणारा निकाल वाटत होता. आम्ही त्वचेविषयी वाचले. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींची संख्या सर्व माणसांत साधारण सारखीच असते. फरक पडतो तो त्या पेशी किती आणि कोणत्या प्रकारचे मेलॅनिन तयार करतात आणि ते त्वचेत कसे पसरते याने. आणि हे मेलॅनिन उन्हातील अतिनील किरणांपासून त्वचेचे रक्षण करते. ज्याला ती डाग समजत होती ते संरक्षण होते, आणि तेच तिने क्रीमने दुबळे केले होते. विज्ञानाची वही घेऊन बसलेली ही मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःच्या चेहऱ्याविषयी न रडता बोलली.

त्यानंतर तिनेच विचारले, "मग देव बाहेरचं पाहत नाही, हे कुठे लिहिलंय?" शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील १६ वा अध्याय आम्ही सावकाश वाचला. इशायाच्या घरी नवा राजा निवडायला शमुवेल जातो, थोरल्या अलियाबाची उंची आणि चेहरामोहरा पाहून हाच तो असे मनात ठरवतो, आणि तेव्हा परमेश्वर म्हणतो की मनुष्य बाहेरचे स्वरूप पाहतो, पण परमेश्वर हृदय पाहतो. हे वाक्य कोणाला उद्देशून आहे, असे मी तिला विचारले. तिने दोनदा वाचून पाहिले आणि म्हणाली, "शमुवेलाला." होय. रानात मेंढरे राखत असलेल्या आणि निवडीला बोलावण्याचीही गरज कोणाला न वाटलेल्या धाकट्या मुलाचे, दाविदाचे, सांत्वन करण्यासाठी देव ते बोललेला नाही. तो निवड करणाऱ्याला, तेही एका संदेष्ट्याला, धर्मकार्य करत असताना, त्याची नजर चुकते आहे हे सांगत आहे. आपण मात्र ते वचन नेहमी नाकारलेल्या मुलीला ऐकवतो आणि निवडणाऱ्यांना कधीच नाही. पुढे त्याच अध्यायात दाविदाचे डोळे सुंदर होते आणि तो देखणा होता, हेही सांगितले आहे. रूपाला शास्त्र नाक मुरडत नाही. रूपावरून माणसाची लायकी ठरवण्याला ते आडवे येते.

पेत्राच्या त्या अध्यायाकडे आम्ही बऱ्याच उशिरा आलो, आणि तेही तिच्या आग्रहामुळे. तेथे जे नको म्हटले आहे ते अंगावर घालण्याचे आहे: गुंफलेले केस, सोने, वस्त्रे. जन्मतः मिळालेल्या चेहऱ्याविषयी किंवा वर्णाविषयी तेथे काहीही नाही, त्यामुळे ज्याला रूप नाही त्याचे समाधान करण्यासाठी तो उतारा लिहिलेलाच नाही. ज्यांच्याकडे सोने आणि उंची वस्त्रे आहेत, त्यांना तो अधिक लागू पडतो. शिवाय पेत्र तेथे ज्या सारेचे, अब्राहामाच्या पत्नीचे, उदाहरण देतो ती उत्पत्तीच्या १२ व्या अध्यायानुसार अतिशय सुंदर होती. तिच्यातील जे अनुकरणीय म्हणून पेत्र दाखवतो ते तिचे रूप नव्हे आणि रूपाचा अभावही नव्हे. आणि 'सौम्य व शांत' याचा अर्थ अपमान गिळून गप्प बसणे असा मुलींना शिकवला जातो, तेव्हा तोच परिच्छेद कोणत्याही भयाला न घाबरण्याच्या सांगण्याने संपतो, हे वाचायचे राहून जाते. या मुलीला ते शेवटचे वाक्य सर्वांत जास्त आवडले.

तिला दोन स्त्रियांच्या कथा विशेष लागल्या. एक लेआची. धाकटी बहीण राहेल रूपवती आणि लेआ नको असलेली. बापाने फसवून लग्नात दिलेली, नवऱ्याने न स्वीकारलेली. ती नावडती आहे हे परमेश्वराने पाहिले, असे उत्पत्तीचा २९ वा अध्याय सांगतो. लेआ एकेका मुलानंतर, आता तरी नवरा माझ्यावर प्रेम करील, अशी आशा करत राहते, आणि चौथ्या मुलाच्या वेळी ती आशा सोडून नुसते 'आता मी परमेश्वराचे स्तवन करीन' म्हणते. तो चौथा मुलगा यहूदा, आणि त्याच्याच वंशात येशूचा जन्म. "म्हणजे मरीया लेआच्या घरातली," असे मुलगी म्हणाली. मत्तय आणि लूक यांनी दिलेल्या वंशावळींच्या तपशिलांत मी तेव्हा शिरले नाही. दुसरी स्त्री गीतरत्न या शास्त्रातील प्रेमगीतांच्या पुस्तकातील. पहिल्याच अध्यायात ती यरुशलेमेच्या मुलींना सांगते की मी काळी आहे आणि सुरूप आहे, माझ्याकडे टक लावून पाहू नका, उन्हाने मला असे केले, भावांनी मला द्राक्षमळ्यांची राखण करायला लावले. पवित्र शास्त्रात स्वतःच्या वर्णाविषयी स्वतःच्या तोंडाने बोलणारी, आणि रोखून पाहणाऱ्यांना थांबवणारी एक मुलगी आहे, हे तिला आजवर एकाही वर्गात कोणी वाचून दाखवले नव्हते.

स्तोत्र १३९ मात्र तिने बरेच दिवस वाचू दिले नाही. आईच्या उदरी देवाने आपली घडण केली, ती अद्भुत आहे, हे स्तोत्रकर्त्याचे शब्द तिला खोटे वाटत. "अद्भुत होतं तर मग असं का केलं?" असा तिचा प्रश्न होता. मी त्याचे उत्तर दिले नाही. स्तोत्रसंहितेत देवाला 'का' विचारणारी स्तोत्रे पुष्कळ आहेत आणि ती उपासनेत म्हटली जातात. तिला तिचे गाऱ्हाणे देवापुढे त्याच हक्काने मांडता यावे एवढेच मला हवे होते. कृतज्ञता जबरदस्तीने वदवून घेतली की मुलगी देवाशी खोटे बोलायला शिकते, आणि ते कोणत्याही क्रीमपेक्षा मोठे नुकसान आहे.

मे महिन्यात मी तिला आंजेलो द फोन्सेका यांची चित्रे दाखवली. हे गोव्याचे चित्रकार, जन्म १९०२, मृत्यू १९६७. त्यांनी पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहून मरीया आणि येशू यांची शेकडो चित्रे भारतीय रूपात काढली. त्यांची मरीया साडीत, सावळी, आपल्या घरातल्या बाईसारखी आहे. या भारतीय रूपामुळे त्यांना गोव्यात रोषही पत्करावा लागला होता. मुलीने एक चित्र मोबाइलवर मोठे करून खूप वेळ पाहिले आणि ते स्वतःला पाठवून घेतले. त्यावर ती काही बोलली नाही, मीही विचारले नाही.

मंडळी आणि घर

मुलीने नाटिकेची तयारी पाहणाऱ्या त्या बाईंना क्षमा करावी असा आग्रह तोपर्यंत काही जण धरू लागले होते. मी तो थांबवण्याची विनंती केली. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणले असता आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. उठून जाण्याची जबाबदारी दुखावणाऱ्यावर आहे. पाळकसाहेबांनी हे मान्य केले आणि जूनच्या कमिटी सभेत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचला, ज्यात सभास्थानात भपकेदार वस्त्रे घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांना पक्षपाताबद्दल फटकारले आहे. सभेत वाद झाला. एका ज्येष्ठ सभासदाचे म्हणणे, नाटकात पात्र दिसायला शोभले पाहिजे, यात पाप कसले. शेवटी मरीया यहूदी होती आणि ती कशी दिसत होती हे कोणालाच माहीत नाही, या मुद्द्यापाशी तो वाद थांबला. नाटिकेतील निवड आवाज, पाठांतर आणि अभिनय यांवर करण्याचे, आणि शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी मुलांच्या रंगाविषयी, निंदेचे किंवा कौतुकाचे, काहीही न बोलण्याचे ठरले. कौतुकाचा मुद्दा समजायला लोकांना जास्त वेळ लागला.

त्या बाई मुलीच्या घरी गेल्या. मी सोबत होते. त्यांनी सबब सांगितली नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या लग्नाच्या वेळी सात स्थळांनी मला रंगावरून नाही म्हटलं होतं. तेच मी तुला म्हणाले. माझं चुकलं." मुलगी "बरं" म्हणाली. एवढेच झाले, आणि तेवढे पुरेसे होते, कारण पहिल्यांदाच एका मोठ्या व्यक्तीने चूक मुलीच्या चेहऱ्यात नसून नजरेत होती हे तिच्यासमोर मान्य केले.

घरातील काम अधिक कठीण ठरले. वडील सर्व काळ गप्प होते. दवाखान्यात आई जाई, माझ्याशी आई बोले. एका संध्याकाळी मी त्यांना मुद्दाम बसवून घेतले तेव्हा बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "तिला माझा रंग आला. ती तो रोज घासून काढत होती. मी काय बोलणार?" मुलीने हे कधी मनातच आणले नव्हते. तिला वाटत होते की बाबांना आपली लाज वाटते. बाबांना वाटत होते की लेकीला आपली लाज वाटते. आणि 'धाकटी बापावर गेली' हे वाक्य दोघांनीही वर्षानुवर्षे निंदा म्हणूनच ऐकले होते. आजी तेथेच होती. ती काही वेळाने म्हणाली की तिच्या नवऱ्याचा, म्हणजे मुलीच्या आजोबांचा, रंग असाच होता आणि नगरच्या मंडळीत त्यांच्यासारखा गाणारा कोणी नव्हता. आजोबांच्या आवाजाविषयी घरात नेहमी बोलले जाई. तो रंगही त्यांचाच, हे कोणी म्हटले नव्हते. त्या संध्याकाळनंतर वडील तिला शिकवणीहून आणायला स्वतः जाऊ लागले. समुपदेशनात माझ्या हातून जे झाले त्यापेक्षा हा बदल मोठा आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

आजीशी बोलताना पंडिता रमाबाईंचा विषय निघाला, कारण तिची एक आत्या रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती सदनात वाढली होती. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन ही विधवांसाठीची निवासी शाळा सुरू केली, त्या काळी विधवेचे केशवपन करून तिला जाणूनबुजून विरूप केले जाई, आणि तिने ते आपले प्राक्तन मानावे अशी अपेक्षा असे. रमाबाईंनी त्या मुलींच्या हाती पुस्तके दिली. पुढे मुक्तीतील स्त्रियांनी छापखाना चालवला आणि रमाबाईंनी भाषांतरित केलेले मराठी बायबल स्वतः छापले. आजीला हे सर्व माहीत होते. साय-बेसनाचा विषय मी काढला नाही, तिनेच काढला, आणि नातीसमोर काढला.

सद्यःस्थिती

नोव्हेंबरपर्यंत गालांची लाली बरीच कमी झाली होती. रक्तवाहिन्या अजून थोड्या दिसतात आणि तपासण्या चालू आहेत. मुलगी दहावीत आहे. दृढीकरणाचा वर्ग तिने पुन्हा सुरू केला आहे. सुट्टीतील बायबल शाळेत लहान मुलांना गाणी शिकवण्याचे काम तिने घेतले, आणि एका मुलीने दुसरीला 'काळू' म्हटल्यावर गाणे थांबवून तिने दोघींना समोरासमोर बसवले, हे मला दुसऱ्या शिक्षिकेकडून कळले. तिच्यात हा गुण नव्याने आला असे मी म्हणणार नाही. तो आधीपासून होता आणि तिच्या चेहऱ्याविषयीचा प्रश्न मधून हटल्यावर लोकांना दिसू लागला. मोबाइलमध्ये फोटो उजळ करणारा फिल्टर ती अजून वापरते. मी तो बंद करायला सांगितलेला नाही.

घरात सध्या थोरलीच्या स्थळांचे पाहणे चालू आहे. ख्रिस्ती वधूवरांच्या गटांवर पाठवायच्या माहितीपत्रकात 'वर्ण' असा रकाना असतो, आणि तेथे गोरा, निमगोरा किंवा गव्हाळ लिहिण्याची रीत आहे. वडिलांनी तो रकाना काढून टाकला. थोरलीचा वर्ण उजळ असल्याने तो लिहिण्यात तिचा फायदाच आहे, असे कल्याणच्या आत्याचे म्हणणे, आणि रकाना नसला तर लोक काहीतरी लपवताहेत असे समजतात, हेही तिने बजावले. थोरलीने वडिलांची बाजू घेतली आहे, आईचा निर्णय होत नाही. माहितीपत्रक त्या रकान्याशिवाय गेले असून आलेल्या चौकश्यांपैकी दोघांनी फोनवर पहिला प्रश्न रंगाचाच विचारला. वडिलांनी त्यांना मुलगी परिचारिका आहे, ऐरोलीला नोकरी करते आणि रविवारी भेटायला या, असे उत्तर दिले आहे.